कार्ब सायकलिंगचा डबा: लो दिवसाचे पैसे द्या, हाय दिवसाचा कुकर घरीच लावा

आधी निकाल सांगून टाकते, ज्यांना एवढं सगळं वाचायला वेळ नाही त्यांनी इथूनच कलटी मारली तरी चालेल. कार्ब सायकलिंगचा डबा लावायचाच असेल तर फक्त लो दिवसांचा, म्हणजे कार्ब (पोळी-भात-बटाट्यातली कर्बोदकं) कमी खायच्या दिवसांचा लावा. हाय दिवसाच्या डब्यात जे येतं ना, भाकरी, वरण-भात, उसळ, उकडलेलं रताळं, ते तुमच्याच ओट्यावर पाव किमतीत होतं आणि गरम मिळतं. आणि ॲपवर ते मेटाबॉलिझम-बिटाबॉलिझमचं जे पुराण लावलंय ते वाचत बसू नका.

सर्व्हिस पुण्यातलीच आहे, सिंहगड रोड, कोथरूड, बाणेर अशा भागांत डबे देतात. नाव लिहीत नाहीये, कारण खाली तक्रारी बऱ्याच आहेत आणि मला कुणाशी भांडत बसायचं नाही, शिवाय अशा सर्व्हिस आता एक सोडून चार निघाल्यात, सगळ्यांचं ॲप, लेबल, प्लॅन थोड्याफार फरकाने सारखंच, तेव्हा तुम्ही कुठलीही लावणार असाल तरी हे वाचून उपयोग होईल.

प्रकार काय आहे ते थोडक्यात. काही दिवस कार्ब एकदम कमी खायचे, मग एक दिवस भरपूर, मग परत कमी. ह्यांचा पॅटर्न लो-लो-हाय असा आहे. लो दिवशी दोन्ही जेवणं मिळून ५० ग्रॅमच्या आसपास कार्ब, हाय दिवशी २०० ग्रॅम, प्रोटीन दोन्हीकडे साधारण सारखंच, आणि हाय दिवशी तेल-तूप कमी. हे शेवटचं लोक सोयीस्कर विसरतात. कार्ब वाढवले त्या दिवशी फॅट खाली आलंच पाहिजे, नाहीतर भात पण, त्यावर तुपाची धार पण, बाजूला तळलेला पापड पण, मग ती कसली सायकल, ते आपलं नेहमीचं रविवारचं जेवणच झालं. मुळात ही पद्धत बॉडीबिल्डर लोकांची. स्पर्धेच्या आधी अंगावरची चरबी उतरवायची पण वजनं उचलायला ताकदही हवी, म्हणून पायांच्या वर्कआउटच्या दिवशी भात-बटाटा आणि आरामाच्या दिवशी चिकन-भाजी. दिवसभर बँकेत खुर्चीवर बसून संध्याकाळी तळजाईला एक चक्कर मारणाऱ्या माझ्यासारखीला ते जसंच्या तसं कसं लागू पडेल, हा प्रश्न ॲप विचारतच नाही. वय, उंची, वजन, व्हेज की नॉनव्हेज, आणि गोल काय, झालं, पैसे भरा.

तरी मी भरले, आणि त्याचं कारण सरळ आहे. कीटो आमच्या घरात टिकत नाही. रोज पन्नास ग्रॅमच्या आत राहायचं म्हणजे पोळी बंद, भात बंद, पोहे बंद, सणाला नैवेद्याचं ताट समोर आणि आपण पनीरचे तुकडे चघळत बसलोय, आणि सासूबाई काळजीने विचारतायत अगं बरं नाहीये का तुला. आपलं खाणं बघा ना. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा (आयसीएमआर-इंडियाब) जो देशभरातला सर्व्हे २०२५ मध्ये आला त्यात भारतीय माणसाच्या रोजच्या कॅलरीतल्या सरासरी ६२ टक्के कार्बमधून येतात असं निघालं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने (एनआयएन) २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये धान्यातून ४५ टक्क्यांपर्यंतच कॅलरी घ्या म्हटलंय, आणि आपण घेतो ५० ते ७०. एका साध्या पोळीत पंधरा-वीस ग्रॅम कार्ब, ज्वारीच्या बऱ्यापैकी भाकरीत पस्तीस, कांदेपोह्यांच्या एका बशीत पंचेचाळीसच्या पुढे, म्हणजे सकाळी पोहे खाल्ले की लो दिवस नऊ वाजताच संपला. अशा घरात रोज लो करणं अवघड, पण 'आज नाही, परवा भात आहे' असं मनाला सांगणं जमतं. सायकलिंगची खरी ताकद मला तरी एवढीच दिसली, आणि ती काही लहानसहान नाही. ताटाला 'आज नाही' म्हणायचं तर पुढची तारीख हाताशी लागते.

आता जेवणाबद्दल, कारण शेवटी डब्याचा रिव्ह्यू आहे.

लो दिवसाचा डबा चांगला आहे. खरंच चांगला आहे. चार कप्प्यांचा काळा डबा, वर लेबल. अंड्याचा रस्सा जो देतात तो तर मी घरी असा करत नाही. कांदा-खोबरं नीट काळपट होईपर्यंत भाजलेलं, वाटण बारीक, वर लाल तर्री पण तेलाचा तवंग नाही, दोन अंडी अर्धी कापून कट लागलेली, आणि रस्सा दाट करायला बटाटा किंवा बेसन ढकललेलं नाही, तीळ आणि खोबऱ्यावरच काम भागवलेलं. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा सवयीने भाकरीसाठी हात गेला, मग वाटीला तोंड लावून प्यायले. भरली वांगी पण छान, चार लहान काटेरी वांगी, शेंगदाण्याचा कूट, गोडा मसाला, गूळ नाही. हा गूळ नसल्याचा फरक पहिले दोन-तीन घास जाणवतो, मग नाही. गवार, दोडका, मेथी-पनीर, कोबीची पचडी, नॉनव्हेजवाल्यांना तांबडा रस्सा आणि सुकं चिकन, कधी सोलकढी. भाज्या इतक्या प्रकारच्या आणि इतक्या भरपूर मी स्वतः आठवडाभर चिरत बसले नसते. एका लो जेवणात भाजीचे दोन कप्पे असतात, आणि ते निवडणं-चिरणं-फोडणीला टाकणं हाच तर सगळा व्याप आहे. पोळ्या लाटायला बाई मिळते, पण गवार मोडून द्यायला कुणी मिळत नाही.

नावडलं ते पण सांगते. फ्लॉवर किसून फोडणीला टाकायचा आणि त्याला राइस म्हणायचं, हे बंद करा हो. दुपारी एकला त्या डब्याचं झाकण उघडलं की अख्ख्या ब्रँचला कळतं आज हिचं काय आहे. फ्लॉवरची भाजी म्हणून द्या, आवडीने खाईन. झुकिनीच्या नूडल्स पण तसल्याच, खाली पाणी सुटलेलं असतं. आणि दर आठवड्याला एकदा जी पांढरी ग्रेव्ही येते ती सगळी काजूची. कार्ब कमी म्हणून लेबलवर टेचात लिहिलंय, पण काजू १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी देतात, आणि लो कार्ब म्हणजे आपोआप लो कॅलरी नव्हे. ही गोष्ट त्यांच्या कोचला पण सांगावी लागली. ती म्हणाली मॅम डोन्ट वरी, फॅट इज युअर फ्रेंड. असेल बाई फ्रेंड, पण रोज घरी जेवायला आला तर जड जाणारच ना.

आता लेबल. मी बँकेतली असल्यामुळे आकडा दिसला की बेरीज करून बघायची खोड आहे. हाय दिवसाच्या डब्यावर दुपारच्या जेवणाचे कार्ब ९० ग्रॅम छापलेले होते. आत दोन भाकऱ्या, भाताची मूद, मटकीची उसळ, रताळ्याच्या फोडी. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढला. भाकरी चांगली थोराड होती, अशा एका भाकरीला पन्नास ग्रॅम पीठ तरी लागतं, मग दोन भाकऱ्यांचेच सत्तर झाले. भात दीडशे ग्रॅम भरला, शिजलेल्या भातात १०० ग्रॅमला अठ्ठावीसच्या आसपास कार्ब, म्हणजे चाळीसच्या वर. रताळं शंभर ग्रॅम, त्याचे वीस. उसळीचे पंधरा-वीस धरा. दीडशेच्या घरात जाते बेरीज. ९० कुठून आणले? कोचला फोटो पाठवला, काट्याचा आकडा दिसेल असा. उत्तर आलं की मॅम आमची टीम चेक करून कळवेल. पुढच्या हाय दिवशी डबा आला तेव्हा लेबलवर आकडा तोच, फक्त खाली बारीक अक्षरात 'अंदाजे' असा शब्द वाढला होता. ह्याला म्हणतात कस्टमर फीडबॅक.

लो दिवसाचं लेबल मात्र बऱ्यापैकी बरोबर निघालं, कारण भाजीत चुकायला जागाच कमी असते. हेही लक्षात घ्या की हाय दिवशी ५०-६० ग्रॅम इकडचे तिकडे झाले तर दोनशे-अडीचशे कॅलरी वाढतात, एका जेवणात. दोन्ही जेवणांत असंच झालं तर दोन लो दिवसांत जे कमावलं त्यातला चांगला हिस्सा तिथेच गेला.

उपासाच्या डब्याबद्दल तर स्वतंत्र लिहायला हवं. आषाढी एकादशी नेमकी लो दिवशी आली. ॲपवर 'उपवास स्पेशल लो कार्ब' असं नोटिफिकेशन, मी खूश, म्हटलं बघा, आपल्या लोकांनी केलेली सर्व्हिस आहे, एवढा विचार करतात. डबा उघडला तर साबुदाण्याची खिचडी! अहो साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, १०० ग्रॅमला पंच्याऐंशीच्या वर कार्ब, प्रोटीन नावालाही नाही. मूठभर कच्च्या साबुदाण्यात लो दिवसाचा कोटा खलास. वर बटाट्याच्या फोडी होत्या त्या वेगळ्या. लेबलवर कार्ब ३० ग्रॅम. एकादशी अन् दुप्पट खाशी हे आपल्याकडे आधीपासून ठाऊक आहे, त्याला ॲप कशाला हवं. आणि उपासाचं लो कार्ब करता येत नाही असंही नाही. काकडीची दाण्याचा कूट घातलेली कोशिंबीर, दही, पनीर, लाल भोपळ्याचं भरीत, दाण्याची आमटी, भाजलेले दाणे. आमच्या सासूबाईंनी दोन मिनिटांत यादी सांगितली, त्या बाईंना पोषणशास्त्राची पदवी नाही. दाण्याची आमटी मापात प्यायची एवढंच, दाण्यांत कॅलरी भरपूर असतात.

वजनाचं काय झालं. पहिल्याच आठवड्यात दोन किलोच्या आसपास उतरलं, ॲपवर हिरवी रेघ, फटाके, ट्रॉफी, कोचचे तीन मेसेज. मग पुढचा हाय दिवस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काटा एक किलोने वर, रेघ लाल. आमच्या ऑफिसमधली एक जण ह्याच पायरीवर घाबरून प्लॅन सोडून गेली, आणि मला वाटतं बरेच जण इथेच सुटत असतील. हे कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं, म्हणून मी सांगते. आपण खाल्लेले कार्ब शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठवतं, यकृतात साधारण शंभर ग्रॅम, स्नायूंत चारशेच्या आसपास, माणसागणिक कमी-जास्त. आणि हे ग्लायकोजेन एकटं राहत नाही, प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून बसतं, भिजत घातलेली डाळ फुगते तसं. लो दिवस सुरू झाले की ते वापरलं जातं, पाणी निघून जातं, काटा खाली. हाय दिवशी परत भरलं की पाणीही परत, काटा वर. म्हणजे पहिल्या आठवड्यातल्या दोन किलोत चरबी किती, तर थोडीच, बाकी पाणी. आणि भाताच्या दुसऱ्या दिवशी वाढलेला किलोही चरबी नाही. एक किलो चरबी अंगावर चढवायला साडेसात हजारांच्या वर कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतात, ते एका दिवसात पंगतीला बसूनही जमत नाही.

मग मोजायचं कसं? सारख्याच दिवसाची तुलना सारख्याच दिवसाशी करायची. दुसऱ्या लो दिवसानंतरची सकाळ, तेच वजन लिहायचं, बाकीचे दिवस काट्यावर चढायचंच नाही. किंवा आठवड्याची सरासरी काढायची. ॲपला हे करता येत नाही असं थोडंच आहे, पण मग तो पहिल्या आठवड्याचा फटाका वाजणार नाही ना. मी वहीत लिहायला लागले तेव्हा खरा वेग दिसला, आठवड्याला अर्धा किलोच्या आतबाहेर. चांगला वेग आहे, मी तक्रार करत नाहीये. दोनेक महिन्यांत चारेक किलो कमी झालं, कंबरेत जास्त कळलं.

आता ते पुराण. ॲपवर रोज एक कार्ड येतं: 'हाय कार्ब डे तुमचं मेटाबॉलिझम रीसेट करतो', 'लेप्टिन बूस्ट', 'बॉडीला कन्फ्यूज करा'. शरीर कन्फ्यूज होत नाही हो, आपण होतो. लेप्टिन हे चरबीच्या पेशींतून येणारं हार्मोन, १९९४ साली सापडलं, भुकेशी त्याचा संबंध आहे हे खरं, आणि कमी खाल्लं की ते उतरतं हेही खरं. भरपूर कार्ब खाल्ल्यावर ते थोडं वर येतं, पण दुसऱ्या दिवसापासून परत डाएट सुरू म्हटल्यावर ते परत उतरतं. एका दिवसाच्या वरण-भाताने महिनाभराची चयापचयाची गाडी फास्ट होते वगैरे ह्याला काही आधार नाही.

आधार कशाला आहे ते बघू. अमेरिकेत स्टॅनफर्डला ६०९ लोकांवर वर्षभराचा अभ्यास झाला, २०१८ साली छापून आला, अर्ध्यांना लो फॅट, अर्ध्यांना लो कार्ब. वर्षअखेर एका गटाचं सरासरी ५.३ किलो कमी झालं, दुसऱ्याचं ६ किलो, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. आणि दोन्ही गटांत आत बघितलं तर कुणाचं भरपूर उतरलेलं, कुणाचं उलट वाढलेलं. आलटून-पालटून खाण्याच्या जवळ जाणारा एक अभ्यास इंग्लंडमध्ये मँचेस्टरला झालाय, ११५ बायकांवर, २०१३ साली छापला गेला, त्यात आठवड्यातले दोनच दिवस कार्ब आणि कॅलरी दोन्ही खूप कमी आणि बाकी दिवस बेताचं साधं जेवण. रोज थोडं-थोडं कमी खाणाऱ्या गटापेक्षा ह्यांची चरबी जरा जास्त उतरली. पण नीट बघा, तिथे बाकीच्या पाच दिवसांत बायका काही भरपाई म्हणून तुटून पडल्या नव्हत्या. जादू दिवस बदलण्यात नाही, आठवड्याची एकूण बेरीज खाली येण्यात आहे. दिवस बदलल्यामुळे ती बेरीज तुम्हाला पाळणं सोपं जात असेल तर करा, नसेल जात तर दुसरं काहीतरी करा. आपल्याकडे दीक्षित डाएटने दोन वेळा जेवून लोकांची वजनं उतरली, तिथेही मधलं चहा-बिस्किट-चिवडा बंद झालं हा केवढा मोठा भाग होता. ज्याला जे पाळता येईल ते.

शरीराला होणाऱ्या त्रासाबद्दल सर्व्हिसने एक ओळ पण दिली नाही म्हणून लिहिते. पहिल्या काही लो दिवसांत दुपारी डोकं धरायचं, गळल्यासारखं व्हायचं. कार्ब कमी केले की इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं मीठ जास्त बाहेर टाकतात, त्याच्यामागे पाणीही जातं. मीठ घातलेलं ताक, टोमॅटोचं सार, डाळीचा कट असलं काही दुपारी घेतलं की बरं वाटतं. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर मात्र हे माझं ऐकून करू नका, डॉक्टरांना विचारा. पोटाची तक्रारही होते, भाकरी गेली की फायबर जातं, म्हणून ते भाजीचे दोन कप्पे पूर्ण संपवायचे.

आणि सगळ्यात मोठी तक्रार ही. माझं बघून नवऱ्यालाही लावायचा होता, त्याला डायबेटीस आहे, गोळ्या चालू आहेत. ॲपमध्ये डायबेटीसच्या पुढे हो की नाही एवढंच. त्याने हो वर टिक केलं, पेमेंटचं पान उघडलं. कुठली गोळी, इन्सुलिन आहे का, कुणी विचारलं नाही. आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो तर ते ऐकूनच सरसावून बसले. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात आहे आणि जेवणात कार्ब अचानक निम्म्याहून खाली, म्हणजे साखर धाडकन उतरून घाम, थरथर, चक्कर, इन्सुलिनवाल्यांना तर जास्तच धोका. आणि एक दिवस लो, एक दिवस हाय म्हटल्यावर गोळीचा डोस रोज कोण बदलणार? डापाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्या असतील तर खूप कमी कार्बवर कीटोॲसिडोसिसचा (रक्तात कीटोन साचून ते आम्लधर्मी होण्याचा) धोका असतो, आणि त्यात साखर फार वाढलेली नसतानाही तो होऊ शकतो, त्यामुळे लक्षात यायला उशीर लागतो. डॉक्टर म्हणाले कार्ब कमी करणं तुमच्यासाठी चांगलंच आहे, पण रोज सारखं आणि हळूहळू, मी गोळ्या त्याप्रमाणे कमी करत जाईन, हे झोके नकोत. त्याने आता रोज एकच भाकरी, भात बंद असं सुरू केलंय, डब्याविना. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया, पूर्वी खाण्याच्या बाबतीत ज्यांना मानसिक त्रास झालाय अशांनीही हा उद्योग करू नये, त्यातही शेवटच्यांनी तर अजिबात, 'आजचा दिवस खायचा, उद्याचा नाही' हे चक्र त्यांना कुठे नेईल सांगता येत नाही.

डिलिव्हरीबद्दल काही म्हणायचं नाही. डबा घेऊन येणारा दादा भर पावसात, सिंहगड रोडच्या त्या ट्रॅफिकमधून, पावणेबाराला हजर. शाबासकी त्याला. रविवारी किचन बंद, आणि ॲप रविवारला 'फ्लेक्स डे' म्हणतं, म्हणजे आमची सुट्टी आहे तुमचं तुम्ही बघा. प्लॅन बंद करायला गेलं तर उरलेले पैसे परत नाहीत, वॉलेटमध्ये क्रेडिट, सहा महिन्यांत वापरा. हे नियम पैसे भरल्यावर दिसतात.

किंमत: दोन्ही वेळचा डबा धरला तर महिन्याला अकरा हजारांच्या वर जातं. साध्या मेसचा डबा ह्याच्या निम्म्यात येतो. लो दिवसाच्या डब्याचे अडीचशेच्या आसपास पडतात, आणि पनीर, अंडी, चिकन, एवढ्या भाज्या, चिरण्याची मेहनत धरली तर मला ते फार वाटत नाहीत. हाय दिवसाचेही तेवढेच! दोन भाकऱ्या, भात आणि मटकीचे अडीचशे. मटकी भिजवून मोड आणायला दिवस-दीड दिवस लागतो फक्त, पैसे नाही लागत.

म्हणून मी काय केलं, त्यांच्याशी व्हॉट्सॲपवर बोलून बोलून शेवटी फक्त लो दिवसांचा आणि फक्त दुपारचा डबा पदरात पाडून घेतला. ॲपमध्ये असा प्लॅन दिसत नाही, पण मागितला की देतात, जरा ताणून धरावं लागतं, पहिल्यांदा मॅम सिस्टिम अलाऊ करत नाही असं येतं, मग मी बंदच करते म्हटलं की सिस्टिम अलाऊ करायला लागते. रात्री लो दिवशी घरी दोन अंड्यांचं ऑम्लेट किंवा पनीर भुर्जी आणि घरात सगळ्यांसाठी झालेली भाजी वाटीभर जास्त, पोळी वजा. हाय दिवशी सगळ्यांबरोबर तेच ताट, भात मोजून, तूप अर्धा चमचा, बाजूला उसळीची मोठी वाटी. आणि हाय दिवस मी शनिवारी आणि बुधवारी ठेवलाय, शनिवारी पर्वती चढते म्हणून, बुधवारी सासूबाईंची आमटी-भात असतो म्हणून. दुसऱ्या कारणाला शास्त्रीय आधार शून्य आहे.

जेवणाला पाचपैकी चार, लेबलला एक, ॲपला अर्धा, डायबेटीसवाल्यांच्या बाबतीत केलेल्या हलगर्जीपणाला काय द्यायचं ते तुम्हीच ठरवा. कुणी लावणार असेल तर पहिला आठवडा ट्रायल घ्या, ट्रायलला लो दिवसच मागा, फ्लॉवर राइस आणि पांढरी ग्रेव्ही नको असं 'डिसलाइक्स'मध्ये लिहून टाका, ते मात्र पाळतात. अंड्याचा रस्सा गुरुवारी आणि संकष्टीला येत नाही, त्या दिवशी पनीरच असतं.